१३०व्या पानावरून दिलेलं मत

*एका वाचक मैत्रिणीच्या पत्राचा सारांश:* त्या एका वेळी चार पुस्तकं वाचतात. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, एका शास्त्रज्ञाचं आत्मचरित्र, मेंदूविषयी सोप्या भाषेत लिहिलेलं पुस्तक आणि उशाशी एक कवितासंग्रह. वाचणाऱ्या मैत्रिणींचा त्यांचा एक गट आहे. दर रविवारी भेटायचं आणि सध्या काय वाचतोय, कसं वाटतंय, ते प्रत्येकीनं सांगायचं, असा शिरस्ता. कादंबरीच्या १३०व्या पानावर असताना त्यांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. ते ऐकून एका मैत्रिणीनं ती लगेच विकत घेतली. ३००व्या पानाशी पोचेपर्यंत पत्रलेखिकेचा उत्साह मावळला. नायकाचं तेच ते मोठेपण आणि पानंच्या पानं संवाद. तसं त्यांनी गटात सांगितलं, तेव्हा ती मैत्रीण म्हणाली, "तूच तर डोक्यावर घेतली होतीस! तुझं नक्की मत तरी काय?" तेव्हापासून त्या गटात फारसं बोलत नाहीत. घरी "आधी एक धड संपव, मग दुसरं उघड" हे पालुपद आहेच. त्या विचारतात: एका वेळी एकच पुस्तक, असा नियम करू का? शेवटचं पान वाचल्याशिवाय तोंडच उघडायचं नाही, असं ठरवू का? मला स्वतःचं मत आहे की नाही, अशीच शंका येऊ लागली आहे. हल्ली तर वाचता वाचताच रविवारी काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळायला लागतात.

---

प्रिय मैत्रीण,

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. एका वेळी एकच पुस्तक हा नियम तुम्हाला बहुधा नको. शेवटच्या पानापर्यंत मौन तर मुळीच नको. पण पत्राच्या शेवटी तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलं आहे, त्यापुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही. मला ते या दोन्ही प्रश्नांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं. त्याच्याकडे येतेच.

तुमची मैत्रीण 'नक्की मत' मागते आहे आणि तुम्हीही ती मागणी रास्त धरून चालला आहात. जणू १३०व्या पानावर तुम्ही चुकलात आणि ३००व्या पानावर शुद्धीवर आलात. मला तसं दिसत नाही. तुम्ही जे म्हणालात ते त्या १३० पानांबद्दल खरं होतं, आणि ती पानं काही नंतर बिघडली नाहीत. पुढची पानं तितकी चांगली उतरली नाहीत, एवढंच. दोन्ही रविवारी तुम्ही खरंच बोललात. फक्त पहिल्या रविवारी आपण कुठे उभ्या आहोत हे सांगायचं राहिलं.

शेवट माहीत नसताना पुस्तकाबद्दल बोलणं ही काही उतावळ्या वाचकाची खोड नव्हे. एके काळी कादंबरी वाचायची सर्रास रीतच ती होती. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची पहिली कादंबरी १८३६-३७ मध्ये महिन्याला एक भाग अशी निघाली. आपल्याकडे हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं येत राहिली, ती पुरी व्हायला १८९३ उजाडलं. तोवर वाचकांनी तिच्या नायिकेबद्दल, यमूबद्दल, अवाक्षर काढायचं नाही, असं कुणी म्हटलं असतं का? त्यांची हळहळ, त्यांचा संताप, पुढे काय होणार याचे अंदाज, सगळं अपुऱ्या कादंबरीवरच उभं होतं. पूर्ण छापून, बांधून हातात आलेलं पुस्तक वाचायची आपल्याला सवय झाली, आणि मतही तसंच बांधीव असलं पाहिजे असं वाटू लागलं.

बरं, शेवटचं पान उलटल्यावर तयार होणारं मत जास्त विश्वासाचं असतं, हे तरी कशावरून? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद. या जादा ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत तापवलं, म्हणजे त्रास होताच, फक्त किंचित कमी. यातलं पुन्हा कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त लांबलेला प्रकार निवडला. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा बरा, म्हणून आठवणही बरी. गार पाण्यातला हात आणि कादंबरी यांत अंतर आहे, कबूल. तरीही तुमच्याच वाचनातली दोन-चार पुस्तकं आठवून पाहा. शेवटच्या वीस पानांनी डोळ्यांत पाणी आणलं म्हणून मधली दोनशे कंटाळवाणी पानं माफ केली, असं झालेलं सापडेल. उलटंही सापडेल. फसलेल्या शेवटामुळे आधीच्या चारशे सुंदर पानांना बोल लागलेले असतात. मधली पानं वाचताना काय वाटलं होतं हे पुस्तक संपल्यावर स्वतःलाही धड सांगता येत नाही. ते त्या त्या वेळीच टिपावं लागतं.

म्हणून अर्ध्यावरचं मत हे कच्चं मत, असं मी मानत नाही. वाटेतून धाडलेल्या पत्रावर गाव आणि तारीख घालतात, तसा त्याला पानाचा आकडा जोडला की ते पुरतं प्रामाणिक होतं. "कादंबरी जबरदस्त आहे" याऐवजी "मी १३०व्या पानावर आहे, इथवर एकदाही खाली ठेवावीशी वाटली नाही." दुसऱ्या वाक्यात कौतुक तसूभरही कमी नाही, पण ते ऐकून कुणी पुढच्या तीनशे पानांचा जाब विचारणार नाही. ई-पुस्तक यंत्रावर वाचत असाल तर किती टक्के झालं ते सांगा. कानांनी ऐकत असाल तर तेही सांगा, कारण तिथे निम्मं श्रेय किंवा निम्मा दोष वाचणाऱ्याच्या आवाजाचा असतो.

आता उलट बाजू. सगळ्याच पुस्तकांना अर्ध्यावरून बोललेलं सारखं सोसत नाही, आणि तुमची चार पुस्तकं याबाबतीत चार तऱ्हांची आहेत. आत्मचरित्र घ्या. माझा अनुभव असा की बालपणाची प्रकरणं बहुधा सर्वांत चांगली उतरतात, कारण तिथे लेखकाला कुणासमोर आपली बाजू मांडायची नसते. पदं, वाद, मानसन्मान सुरू झाले की लेखणी सावध होते. तेव्हा आत्मचरित्राच्या पहिल्या शंभर पानांवर भाळलेल्या वाचकानं थोडं हातचं राखून बोललेलं बरं. मेंदूवरचं पुस्तक वेगळं. तिथे 'मला कसं वाटलं' यापेक्षा 'हे म्हणणं अजून टिकून आहे का' हा प्रश्न मोठा. मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्याचा अहवाल २०१५ साली आला. त्यांतल्या साधारण ३६ टक्के अभ्यासांतच पुन्हा भरवशाचा निष्कर्ष हाती लागला. मेंदूच्या आणि मनाच्या लोकप्रिय पुस्तकांना असल्या अभ्यासांचाच मोठा आधार असतो. त्यामुळे तुमच्या पुस्तकाचं प्रकाशनवर्ष पाहून ठेवा, आणि त्यातला एखादा चमत्कारिक निष्कर्ष गटात सांगताना तो कधीचा आहे तेही सांगा. शिवाय एखादा मुद्दा लढवणारं पुस्तक असेल तर लेखक पुष्कळदा आधी विरोधकांची बाजू ऐटीत मांडतो आणि नंतर ती खोडतो. तिथे पन्नासाव्या पानावरून 'लेखकाचं म्हणणं असं आहे' हे सांगणं खरोखरच धोक्याचं. त्यापुरतं तुमचं मौन मला मान्य आहे.

कवितासंग्रह संपवायचा असतो हेच मला पटत नाही, त्यामुळे तिथे अर्धं-पुरतं हा हिशेबच सोडून द्या.

राहता राहिली कादंबरी. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फनं वाचनावरच्या एका निबंधात (१९३२ साली पुस्तकात आलेल्या) वाचण्याचे दोन टप्पे मानले आहेत. आधी येईल तो ठसा मोकळेपणानं उमटू द्यायचा, त्या वेळी लेखकाच्या बाजूनं उभं राहायचं. मग थांबायचं. दुसऱ्या कामाला लागायचं. काही काळानं ते पुस्तक आपसूक मनात परत येतं, पण आता सुटं सुटं नव्हे तर सबंध. निवाडा करायचा तो तेव्हा, आणि तो कठोरपणे करायलाही तिची हरकत नाही. मला यातलं मधलं थांबणं मोलाचं वाटतं. तुमच्या गटात दर रविवारी पहिला टप्पा चालतो, आणि तुमच्या मैत्रिणीनं त्या भेटीत दुसऱ्या टप्प्याचं उत्तर मागितलं. तुम्हीही ते द्यायला निघालात, तिथे गोंधळ झाला. पहिल्या टप्प्यावरचं मत डोलणारच. ते डोललं म्हणून तुम्हाला मत नाही असं ठरत नाही. ३००व्या पानावरही जे पहिलंच वाक्य घोकत बसतात त्यांच्याबद्दल मला जास्त शंका येते. मधली १७० पानं त्यांनी वाचली कशासाठी?

आता त्या वाक्याकडे. वाचता वाचताच रविवारी काय सांगायचं त्याची वाक्यं जुळायला लागतात, असं तुम्ही लिहिलंत.

हे हल्ली फार जणांना होतं. मित्रमंडळीत, कुटुंबात, कुठेही 'सध्या काय वाचताय' याचं उत्तर नियमानं द्यायची सवय लागली, की वाचणाऱ्याच्या आत एक निवेदक येऊन बसतो. तो पुस्तकातलं सांगण्याजोगं तेवढं उचलत जातो. कथानकाची कलाटणी, टाळ्या घेणारं वाक्य, लेखकाची चूक, 'हे आजही किती लागू पडतं' असा एखादा उतारा. जे सांगता येत नाही ते त्याच्या हातून निसटतं. एखाद्या लेखकाच्या वाक्याची चाल अंगवळणी पडायला चाळीस पानं जातात, ती चाळीस पानं रविवारी कशी सांगणार? काही पानं नुसती संथ असतात आणि पुढच्या एका प्रसंगासाठी ती तशी असावीच लागतात. निवेदकाला ती पानं रटाळच वाटणार, कारण त्याला तिथे काही हाती लागत नाही.

म्हणून एक नाजूक प्रश्न विचारते, रागावू नका. १३०व्या पानावरचं ते भरभरून कौतुक कादंबरीचं किती होतं आणि रविवार तोंडावर आला होता म्हणून किती? तसंच ३००व्या पानावरची नाराजी. 'संवाद लांबलेत, नायक फार थोर दाखवलाय' हे दोष खरे असतीलही, पण दोष काढणारं बोलणं चारचौघांत हुशार वाटतं, आणि निवेदकाला ते ठाऊक असतं. तुमचं उत्तर काय येईल मला माहीत नाही. एक पडताळा मात्र करता येईल. कादंबरीची पुढची पन्नास पानं अशा आठवड्यात वाचा, की ज्या रविवारी तुम्ही गटात कवितांबद्दल किंवा मेंदूबद्दल बोलायचं आधीच ठरवून टाकलं आहे. कादंबरीवर काही सांगायचंच नसताना ती कशी वाटते ते पाहा. तरीही कंटाळा आला तर तो कंटाळा तुमचा स्वतःचा.

त्यापुढे जाऊन मी म्हणेन, चारातलं एक पुस्तक कायमचं बिनबोलाचं ठेवा. गटात त्याचं नावही घ्यायचं नाही. तुमच्या बाबतीत मी कवितासंग्रह निवडला असता, पण निवड तुमची. ज्याच्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही असं एक पुस्तक हाताशी असलं, की निवेदकाला अधूनमधून सुट्टी मिळते आणि बाकीची तीन वाचतानाही तो जरा कमी बडबडतो.

टिपणं ठेवायची असतील तर पुस्तक उघडं असताना वाक्यं लिहू नका. समासात पेन्सिलीची बारीक रेघ पुरे. पुस्तक उसनं असेल तर चिठ्ठीवर पानाचा आकडा आणि दोन शब्द. वाक्य लिहायचं ते पुस्तक मिटल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी. त्यात पान, तारीख, काय वाटलं आणि पुढे काय होईल असं वाटतंय, इतकंच. हा शेवटचा अंदाज जरूर लिहा. तो चुकला की लेखकानं आपल्याला कुठे चकवलं ते नेमकं कळतं, आणि दर वेळी बरोबर आला तर आपल्याला कंटाळा का येतोय तेही कळतं. मला वाटतं, ३००व्या पानावर तुमचं असंच काहीसं झालं असावं. आणि रविवारी सांगताना ही वहीसुद्धा बाजूला ठेवून बघा. आठवडाभरात भाजी चिरताना, रांगेत उभं असताना जे आपणहून मनात आलं तेवढंच सांगा.

पुस्तक संपल्यावर मात्र एक टीप वहीत हवीच. फ्रेंच निबंधकार मोंतेन सोळाव्या शतकात हेच करायचा. आपली स्मरणशक्ती दगाबाज आहे अशी त्याची तक्रार होती. पूर्वी नीट वाचलेलं, स्वतःच्याच टिपांनी भरलेलं पुस्तक नवं समजून पुन्हा हाती घेतल्याचे प्रसंग त्याच्यावर आले होते. म्हणून तो पुस्तकाच्या शेवटी ते कधी संपवलं आणि त्याबद्दल एकंदर काय मत झालं, ते लिहून ठेवू लागला. तुमच्या वहीत आधीची पानोपानीची टिपणं आणि ही शेवटची टीप शेजारी शेजारी आली, की 'मला मत आहे की नाही' या शंकेचं उत्तर तुमच्याच अक्षरात मिळेल.

चार पुस्तकं एकदम वाचण्याबद्दल थोडक्यात. आकड्याची काळजी करू नका, पुस्तकं एकमेकांत घुसतात का ते बघा. दोन कादंबऱ्या एकदम घेतल्या तर माणसांची सरमिसळ होते आणि त्यातली सैल असेल ती मागे पडते. तुमची चारही वेगळ्या जातीची आहेत, तेव्हा तो प्रश्न नाही. तुम्ही एकातून दुसऱ्याकडे कधी वळता, तेवढं मात्र तपासा. दमल्यावर वळत असाल तर उत्तमच. पण अवघड जागा आली की वळत असाल, तर चारही पुस्तकं आपापल्या अवघड जागी अडकून पडतात आणि 'माझं काहीच संपत नाही' असं वाटू लागतं. अशा वेळी ती अवघड चार पानं ओलांडून, जरा सोपी वाट लागल्यावरच पुस्तक मिटायचं. परत उघडायला हात आपोआप जातो.

आणि न संपवण्याचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम आहे. पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं द्या. मला ही वजाबाकी आवडते, पण ऐतिहासिक कादंबरीला पन्नास पानं पुरत नाहीत. तेवढ्यात घराण्यांची नावंही पाठ होत नाहीत. आणि तुम्ही तर ३०० पानं दिलीत, आता सोडलीत तरी कुणाचं देणं लागत नाही. घरच्यांना सांगायला हवंच असेल तर अठराव्या शतकातला इंग्रज लेखक आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सन याचा दाखला आहे. एक नवं पुस्तक चाळल्याचं तो बोलला, तेव्हा पूर्ण नाही वाचलंत का, असं त्याला विचारण्यात आलं. त्यानं उलट विचारलं, तुम्ही काय पुस्तकं पूर्ण वाचता? अर्थात हा दाखला घरात किती चालेल ते तुम्हीच ठरवा.

आता त्या मैत्रिणीचं. कसं वाटतंय ते सांगणं वेगळं आणि 'घे' म्हणणं वेगळं. पुढच्या वेळी कुणी "घेऊ का?" असं विचारलं तर पुस्तकाचे गुण सांगू नका, तिच्या आवडीचं विचारा. लांब युद्धवर्णनं चालतात का, माणसं लक्षात राहतात का, सध्या निवांत वेळ आहे का. मग निर्णय तिचा होतो, आणि फसला तरी तिचाच. या खेपेला तिनं स्वतःहून घेतली, त्यामुळे माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही. पण ती चिडली ती पुस्तक विकत घ्यावं लागलं म्हणून, की तुम्ही दोघी मिळून एक पुस्तक वाचत होतात आणि तुम्ही मध्येच तिला एकटीला सोडून निघालात म्हणून? मला दुसरी शक्यता जास्त वाटते. या रविवारी आपलं मत सांगण्याआधी ती कितव्या पानावर आहे ते विचारा. ती अजून शंभराच्या आत असेल तर पुढच्या रटाळ संवादांबद्दल अवाक्षर काढू नका, त्या पानांत काय आवडतंय तेवढंच बोला. ते तर तुम्हालाही आवडलं होतं. ती तुमच्या पुढे गेली असेल, तर ३०० नंतर काही हाती लागतं का ते तिच्याकडून ऐका आणि मग कादंबरी पुढे वाचायची की नाही ते ठरवा.